जठरदाह आणि आम्लाची संप्रेरके

जठरदाह म्हणजे जठराच्या आतील अस्तराला आलेली सूज. या सुजेने पोटातले आम्ल वाढते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते वाढूही शकते आणि घटूही शकते. यांपैकी काय होणार, हे मुख्यतः सूज जठराच्या कोणत्या भागात आहे यावर ठरते. कारण आम्लाचे नियमन करणारी संप्रेरके जिथे तयार होतात ती जागा आणि आम्ल जिथे प्रत्यक्ष स्रवते ती जागा, या दोन्ही जठरात वेगवेगळ्या आहेत. एकाच जंतूच्या संसर्गातून एका रुग्णाच्या जठरात आम्लाचा अतिरेक होतो आणि आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, व्रण पडतो. दुसऱ्या रुग्णाच्या जठरातले आम्ल जवळजवळ आटून जाते. गंमत अशी की, आम्लाला चालना देणारे गॅस्ट्रिन हे संप्रेरक या दोघांच्याही रक्तात वाढलेले सापडते.

जठराचे दोन प्रदेश

जठरातील आम्ल हे हायड्रोक्लोरिक आम्ल आहे, हे विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने १८२४ साली दाखवून दिले. प्रौढ माणसाच्या जठरात दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर जठररस तयार होतो. त्यातील आम्ल इतके तीव्र असते की जेवणाआधी रिकाम्या जठरातील रसाचा पीएच १ ते २ इतका खाली असतो.

हे आम्ल जठराच्या वरच्या घुमटाकार भागात आणि त्याखालच्या रुंद मध्यभागात तयार होते. तिथल्या अस्तरात खोल नळ्यांसारख्या असंख्य ग्रंथी असतात. ग्रंथींतील भित्तीय पेशी आम्ल स्रवतात. या पेशींच्या पटलावरील प्रथिनाचा पंप पोटॅशियम आत घेतो आणि हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतो. रक्तातील हायड्रोजन आयनांच्या मानाने जठरातील त्यांचे प्रमाण दहा लाख पटींहून अधिक होते ते या पंपामुळे. ब १२ जीवनसत्त्व शोषून घेण्यासाठी लागणारा ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ही भित्तीय पेशीच तयार करतात. शेजारच्या मुख्य पेशी पेप्सिनोजेन स्रवतात. आम्लात त्याचे पेप्सिन होते आणि ते प्रथिनांचे विघटन करते. याच ग्रंथींच्या तळाकडे हिस्टामिन साठवणाऱ्या ‘ईसीएल’ पेशी असतात. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही प्रामुख्याने याच प्रदेशात तयार होते. त्याचा शोध जपानी संशोधकांनी १९९९ साली लावला.

जठराचा खालचा, आतड्याकडे निमुळता होत जाणारा भाग म्हणजे अँट्रम. या भागात आम्ल जवळपास तयार होत नाही, पण आम्लाची सूत्रे येथून हलतात. अँट्रमच्या ग्रंथींत ‘जी’ पेशी असतात आणि त्या गॅस्ट्रिन बनवतात. त्यांना लागूनच ‘डी’ पेशी असतात, त्या सोमॅटोस्टॅटिन बनवतात. डी पेशींना लांब शेपटीसारखे फाटे असतात आणि ते थेट जी पेशींपर्यंत पोहोचतात. त्यामुळे सोमॅटोस्टॅटिनला रक्तातून फिरून यावे लागत नाही, ते शेजारच्या पेशीवर लागलीच परिणाम करते. डी पेशी जठराच्या मध्यभागातही असतात आणि तिथल्या ईसीएल व भित्तीय पेशींना आवर घालतात.

चालना आणि लगाम

भित्तीय पेशीला तीन बाजूंनी चालना मिळते. अन्नाच्या नुसत्या वासाने, चवीने किंवा विचाराने मेंदूकडून व्हेगस या मज्जातंतूमार्फत पहिला संदेश येतो. अन्न जठरात पोहोचले की अँट्रम ताणला जातो. प्रथिनांचे तुकडे आणि अमिनो आम्ले जी पेशींना लागतात आणि गॅस्ट्रिन रक्तात उतरते. हा दुसरा संदेश. गॅस्ट्रिन रक्ताबरोबर फिरून जठराच्या मध्यभागात पोहोचते आणि तिथे मुख्यतः ईसीएल पेशींवर काम करते. त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि हिस्टामिन भित्तीय पेशीवरच्या ‘एच २’ ग्राहीला जाऊन चिकटते. हा तिसरा आणि सर्वांत प्रभावी संदेश. थोडक्यात, गॅस्ट्रिनचे बरेचसे काम हिस्टामिनच्या हातून होते. याशिवाय गॅस्ट्रिनचे एक संथ कामही आहे. ते दीर्घकाळ वाढलेले राहिले तर ईसीएल आणि भित्तीय पेशींची संख्या वाढते.

हा क्रम उलगडायला साठ वर्षे लागली. जॉन एडकिन्स यांनी १९०५ साली अँट्रमच्या अर्कात आम्लाला चालना देणारे द्रव्य असल्याचे सांगून त्याला गॅस्ट्रिन हे नाव दिले. पुढे १९२० साली पोपिएल्स्की यांनी हिस्टामिनमुळेही आम्ल स्रवते असे दाखवले. हिस्टामिन शरीरातील बहुतेक ऊतींत सापडते. त्यामुळे एडकिन्स यांचा अर्क म्हणजे हिस्टामिनच असावे, असे मानले जाऊ लागले आणि गॅस्ट्रिनची कल्पना मागे पडली. अखेर लिव्हरपूलच्या ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी १९६४ साली डुकरांच्या अँट्रममधून शुद्ध गॅस्ट्रिन वेगळे केले आणि त्यातील सतरा अमिनो आम्लांची रचना स्पष्ट झाली. म्हणजे एडकिन्स आणि पोपिएल्स्की दोघेही बरोबर होते. दोघांच्या हाती एकाच साखळीचे दोन दुवे लागले होते.

चालनेइतकाच लगामही महत्त्वाचा. टाकी भरत आली की वर तरंगणारा बॉलकॉक जसा पाणी बंद करतो, तसे जठरातले आम्लच आम्लाला थांबवते. अँट्रममधील पीएच ३ च्या खाली गेला की डी पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडतात, जी पेशींचे गॅस्ट्रिन कमी होते आणि आम्लाचा स्राव मंदावतो. जेवणाच्या सुरुवातीला अन्न आम्लाला शोषून घेते, पीएच वाढतो, लगाम सैल होतो आणि आम्ल मोकळेपणाने स्रवते. जठर रिकामे होत आले की आम्ल पुन्हा अँट्रमपर्यंत पोहोचते आणि लगाम ओढला जातो. पित्त झाले म्हणून पेलाभर थंड दूध पिणाऱ्याला आधी बरे वाटते आणि थोड्या वेळाने पुन्हा जळजळते, त्याचे कारणही यातच आहे. दूध क्षणभर आम्ल सौम्य करते, पण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम गॅस्ट्रिनला व पर्यायाने आम्लाला चालना देतात.

अँट्रममधील सूज: लगाम सुटतो

दीर्घकालीन जठरदाहाचे जगातील सर्वांत मोठे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो जठरातून वेगळा करून वाढवला. या शोधासाठी त्यांना २००५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. जंतू युरिएज हे विकर वापरून युरियापासून अमोनिया बनवतो, त्या क्षारीय आवरणात आम्लातही तग धरतो आणि अस्तरावरील श्लेष्माच्या थरात राहतो. शरीर त्याला हुसकावू शकत नाही, पण प्रयत्नही सोडत नाही. अस्तरात श्वेतपेशी जमतात आणि वर्षानुवर्षे जमलेल्याच राहतात. जठरदाह म्हणतात तो हाच.

संसर्ग झालेल्या अनेकांत सूज मुख्यतः अँट्रमपुरती राहते आणि मध्यभाग बराचसा निरोगी असतो. श्वेतपेशी आणि सुजलेले अस्तर इंटरल्युकिन-८, टीएनएफ-आल्फा यांसारखे संदेशवाहक पदार्थ सोडतात. त्यांचा जी आणि डी पेशींवर उलटसुलट परिणाम होतो. जी पेशींना चालना मिळते, तर डी पेशींचे सोमॅटोस्टॅटिन घटते आणि खुद्द डी पेशींची संख्याही कमी होते. आम्ल कितीही साचले तरी थांबण्याचा संदेश जी पेशींपर्यंत नीट पोहोचत नाही. रक्तातील गॅस्ट्रिन वाढते, विशेषतः जेवणानंतर.

सुरुवातीला या वाढीचा दोष जंतूच्या अमोनियाला दिला गेला. अमोनियामुळे जी पेशींभोवतीचे आम्ल नाहीसे होते आणि त्या फसतात, अशी कल्पना होती. पण युरिएज रोखून अमोनिया कमी केल्यावरही गॅस्ट्रिन लगेच उतरले नाही. जंतू नाहीसा केला, म्हणजे सुजेचे कारण काढले, की मात्र गॅस्ट्रिन उतरते. यावरून बिघाडाचे मूळ सुजेतच आहे हे दिसून आले. लंडनमधील संशोधकांनी १९८९ साली जंतू, गॅस्ट्रिन आणि आद्यांत्रातील व्रण यांचा संबंध मांडला. पुढे डी पेशींतील सोमॅटोस्टॅटिन घटल्याचेही पुरावे आले.

मध्यभाग निरोगी असेल तर वाढलेल्या गॅस्ट्रिनला प्रतिसाद द्यायला भित्तीय पेशी हजर असतात, आणि गॅस्ट्रिनच्या संथ परिणामामुळे त्यांची संख्याही वाढते. ग्लासगोमध्ये एमाद अल-ओमर आणि केनेथ मॅककोल यांनी १९९० च्या दशकात हे मोजून दाखवले. गॅस्ट्रिन सोडायला लावणारे पेप्टाइड शिरेतून दिल्यावर, संसर्ग नसलेल्या माणसांच्या मानाने संसर्ग असलेल्या निरोगी माणसांत आम्ल सुमारे तिप्पट, तर आद्यांत्रात व्रण असलेल्या संसर्गित रुग्णांत सुमारे सहापट स्रवत होते.

हे जास्तीचे आम्ल जठरातून आद्यांत्रात ओतले जाते. सततच्या आम्लाच्या माऱ्यापुढे टिकण्यासाठी आद्यांत्राच्या अस्तरात जागोजाग जठरासारख्या पेशी उगवतात. जंतूला जठराचे अस्तर मानवते, त्यामुळे तो या तुकड्यांवर जाऊन बसतो, तिथेही सूज येते आणि आम्लाच्या माऱ्यात तिथे व्रण पडतो. जठरातील सुजेचा व्रण जठराबाहेर दिसतो तो असा. गॅस्ट्रिनच्या अतिरेकाचा टोकाचा नमुना म्हणजे झोलिंगर आणि एलिसन यांनी १९५५ साली वर्णन केलेला रोग. त्यात स्वादुपिंडातील किंवा आद्यांत्रातील गाठ अखंड गॅस्ट्रिन सोडत राहते आणि वारंवार व्रण होतात. अँट्रमच्या जठरदाहात याच यंत्रणेची सौम्य आवृत्ती चालू असते.

मध्यभागातील सूज: आम्ल आटते

दुसऱ्या काही संसर्गित माणसांत सूज जठराच्या मध्यभागातही पसरते, आणि तिथे परिणाम उलट होतो. इंटरल्युकिन-१ बीटा हा सुजेतील पदार्थ आम्लाच्या स्रावाला रोखणाऱ्या सर्वांत प्रभावी पदार्थांपैकी एक आहे. तो ईसीएल पेशींचे हिस्टामिन आणि भित्तीय पेशींचे काम, दोन्ही दाबतो. जंतूही भित्तीय पेशींतील पंपाच्या जनुकाचे काम मंद करतो. सुरुवातीला पेशी जिवंत असतात, फक्त गप्प होतात. सूज वर्षानुवर्षे टिकली की ग्रंथीच झडतात. या अवस्थेला शोषी जठरदाह म्हणतात. झडलेल्या ग्रंथींच्या जागी कधी आतड्यासारखे अस्तर उगवते. पुढे काही जणांत त्याच अस्तरात कर्करोगाची सुरुवात होते. पेलायो कोरेआ यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कर्करोगापर्यंतची पायरी-पायरीची वाट ती हीच.

आम्ल घटले की अँट्रममधील पीएच वाढतो, डी पेशींना काम उरत नाही आणि जी पेशी मोकाट गॅस्ट्रिन सोडतात. म्हणजे येथेही गॅस्ट्रिन वाढते, पण त्याची हाक ऐकायला भित्तीय पेशी पुरेशा नसतात. त्यामुळे रक्तातील गॅस्ट्रिनचा एकच आकडा दोन विरुद्ध परिस्थितींत सापडू शकतो, आणि आम्लाचे किंवा अस्तराचे मोजमाप न करता त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. सूज अँट्रमलाही पोखरून जी पेशी नष्ट करू लागली तर मात्र आम्ल नसूनही गॅस्ट्रिन वाढत नाही.

सूज कोणाच्या कोणत्या भागात पसरेल, हे काही अंशी आनुवंशिकतेवर अवलंबून असते. अल-ओमर आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंटरल्युकिन-१ बीटा अधिक बनवणाऱ्या जनुकाच्या प्रकारांचा संबंध आम्ल कमी होण्याशी आणि जठराच्या कर्करोगाशी आढळला. संसर्ग झाला तेव्हाचे वय, जंतूचा वाण आणि आहारही यात भाग घेतात. व्रण आणि कर्करोग या एकाच जंतूच्या दोन वाटा आहेत. आद्यांत्रात व्रण झालेल्यांत जठराचा कर्करोग त्यामुळेच कमी आढळतो: त्यांच्या जठराचा मध्यभाग शाबूत असतो.

मध्यभागातील सुजेचा आणखी एक प्रकार जंतूशिवाय होतो. स्वयंप्रतिकारक जठरदाहात शरीराची प्रतिकारयंत्रणा भित्तीय पेशींतील पंपावर आणि इंट्रिन्सिक फॅक्टरवर हल्ला करते. मध्यभाग उजाड होतो, पण अँट्रम निरोगी राहतो. त्यामुळे जी पेशी पूर्ण ताकदीने काम करतात. उपाशीपोटी गॅस्ट्रिन साधारणपणे दर मिलिलिटरला १०० पिकोग्रॅमच्या आत असते; या रोगात ते १,००० च्या पुढेही जाते. एवढ्या गॅस्ट्रिनच्या सततच्या चालनेने ईसीएल पेशी वाढत जातात आणि काही रुग्णांत त्यांच्या लहान गाठी होतात. इंट्रिन्सिक फॅक्टर नसल्याने ब १२ शोषले जात नाही आणि पंडुरोगाचा एक गंभीर प्रकार उद्भवतो.

घ्रेलिनची कथा तुलनेने सरळ आहे. ते बनवणाऱ्या पेशी मध्यभागात असल्याने ग्रंथी झडल्या की त्याचे रक्तातील प्रमाण घटते. शोषी जठरदाहातील अन्नावरची वासना उडण्यामागे हेही एक कारण असावे.

तात्पुरती सूज

जंतूचा संसर्ग नुकताच झालेला असतानाची अवस्था वेगळी असते. मार्शल यांनी १९८४ साली स्वतः जंतूंचे मिश्रण पिऊन पाहिले. आठवडाभरात त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि उलटीत आम्ल नव्हते. दहाव्या दिवशी दुर्बिणीने केलेल्या तपासणीत जठरदाह दिसला. ताजी सूज सगळ्या जठरभर असते आणि तिच्यातील इंटरल्युकिन आम्ल काही आठवडे ते काही महिने दाबून ठेवतात. नंतर सूज जिथे स्थिरावते त्यानुसार आम्ल परत येते किंवा येत नाही.

जंतू सापडण्याआधीच या घटनेच्या खुणा नोंदल्या गेल्या होत्या. अमेरिकेत डॅलस येथे १९७६ साली आम्लाच्या प्रयोगांसाठी आलेल्या ३७ निरोगी स्वयंसेवकांपैकी १७ जणांचे आम्ल अचानक कमी झाले. प्रयोगात पुन्हा पुन्हा जठरात नळ्या घालाव्या लागत होत्या आणि त्यांवाटे संसर्ग पसरल्याचे पुढे मानले गेले. त्याच्याही आधी, १९७१ साली, मुंबईच्या एच. जी. देसाई, एफ. पी. अंतिया आणि सहकाऱ्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जठराचे कमाल आम्ल आपोआप घटून तसेच राहिल्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली होती. जंतूची ओळख पटायला अजून दहा-अकरा वर्षे होती, त्यामुळे त्या काळी अशा नोंदींची संगती लावणे कठीण होते.

वेदनाशामक गोळ्यांनी होणारी इजा मात्र संप्रेरकांच्या वाटेने जात नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. प्रोस्टाग्लँडिन एरवी श्लेष्मा आणि बायकार्बोनेट वाढवून अस्तराला जपतात आणि आम्लालाही किंचित आवर घालतात. ते घटले की आम्ल नेहमीचेच असूनही अस्तर सोलवटते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणून रोज घेतलेल्या गोळ्यांनी रक्ताची उलटी होऊ शकते ती यामुळे. ठेच्याचे तसे नाही. मिरचीतील कॅप्सायसिन अस्तरातील चेतातंतूंना चाळवते, म्हणून आग होते. पण ती आग म्हणजे सूज नव्हे, आणि आम्ल वाढल्याची खूणही नव्हे.

मराठवाड्यातील चित्र

 परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावांत पोटाच्या तक्रारीला सर्रास ‘पित्त’ म्हणतात. आंबट किंवा करपट ढेकर, छातीत जळजळ, पोट फुगणे, मळमळ, सगळे एकाच नावाखाली येते आणि उपायही एकच असतो: आम्ल कमी करणारी गोळी. पण यांपैकी एकाही लक्षणावरून आम्ल जास्त आहे की कमी, हे ठरवता येत नाही. आम्ल आटलेल्या माणसालाही जेवणानंतर पोट जड वाटते, फुगते आणि ढेकर येतात.

भारतात हेलिकोबॅक्टरचा संसर्ग बहुधा लहानपणीच होतो. घरातल्या घरात, तोंडावाटे आणि अस्वच्छ पाण्यातून तो पसरतो. दाटीची राहणी आणि अपुरी स्वच्छता असेल तिथे तो अधिक असतो. प्रौढ होईपर्यंत निम्म्याहून अधिक लोकांना तो झालेला असतो, पण त्यांतील बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. म्हैसूरला दीर्घकाळ काम केलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रँक टोव्ही यांनी दाखवले की, आद्यांत्रातील व्रण दक्षिणेकडील भात खाणाऱ्या भागात अधिक आणि उत्तरेकडील गहू खाणाऱ्या भागात कमी आढळतो. जंतूचे प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखेच होते. म्हणजे जंतू आवश्यक असला तरी पुरेसा नाही.

कर्करोगाच्या बाबतीतही तसेच. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ पासून चालू असलेली नोंदणी ही देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. बार्शीबरोबरच मराठवाड्यातील परांडा आणि भूम तालुक्यांतील गावेही तिच्यात येतात. या नोंदणीत जठराच्या कर्करोगाचे प्रमाण कमी आहे, तर मिझोराममधील ऐजॉल जिल्ह्यात ते देशात सर्वाधिक आहे. संसर्ग इतका व्यापक असूनही भारताच्या बहुतेक भागांत हा कर्करोग कमी असण्याचे कारण जंतूच्या वाणात, आहारात आणि सूज मध्यभागात कमी पसरण्यात शोधले जाते.

आम्ल घटल्याचा खरा फटका अन्नघटकांना बसतो. ज्वारी, बाजरी, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह आम्लातच विरघळून शोषण्याजोगे होते. आम्ल नसेल तर भाकरी खाऊनही त्यातील लोह वाया जाते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढत नसेल तर जठरदाह तपासावा, असे वैद्यकात सांगतात ते यासाठी. ब १२ चेही तसेच. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण आणि शहरी पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब १२ कमी आढळले. त्याचे मुख्य कारण शाकाहार हे आहे. आहारातच जे थोडे आहे, त्याचे शोषण जठरदाहाने आणखी कमी होते. आम्लाचा अडसर नसला की पटकीसारख्या रोगाचे जंतूही जठरातून जिवंत पुढे जातात.

गोळ्यांनी संप्रेरकांचे काय होते

जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून आलेले सिमेटिडीन हे औषध भित्तीय पेशीवरील हिस्टामिनचा ग्राही अडवते. १९८८ साली आलेले ओमेप्राझोल आणि त्याच गटातील पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही औषधे थेट पंप बंद करतात. आम्ल दबले की लगाम सैल होतो आणि निरोगी माणसातही गॅस्ट्रिन दुपटी-चौपटीने वाढते. गोळी चालू असेपर्यंत त्याचा परिणाम दिसत नाही, पण ईसीएल पेशी वाढत राहतात. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम बंद केली की वाढलेले गॅस्ट्रिन आणि वाढलेल्या पेशी मिळून काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल स्रवतात. डेन्मार्कमधील २००९ सालच्या एका प्रयोगात पूर्वी कसलीही तक्रार नसलेल्या स्वयंसेवकांना आठ आठवडे अशी गोळी देऊन थांबवल्यावर ४४ टक्क्यांना जळजळीसारखी लक्षणे झाली. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होते. गोळीशिवाय चालतच नाही असे वाटण्याचे हे एक कारण आहे. म्हणून ती हळूहळू कमी करत थांबवतात.

जंतूचा संसर्ग असताना अशी गोळी वर्षानुवर्षे घेतली, तर अँट्रममधील सूज ओसरून मध्यभागात सरकते, असे १९९६ सालच्या एका युरोपीय अभ्यासात दिसले. त्यामुळे दीर्घकाळ गोळी लागणाऱ्या रुग्णात आधी जंतूची तपासणी करून तो काढून टाकणे श्रेयस्कर मानतात.

तपासणी आणि उपचारांनंतरचे बदल

जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत, अथवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्यात सापडतो. पंप बंद करणारी गोळी दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे आधी थांबवली नाहीत तर तपासणी फसू शकते. सूज कुठे आहे हे कळण्यासाठी अँट्रम आणि मध्यभाग या दोन्ही ठिकाणचे तुकडे घ्यावे लागतात. १९९० सालच्या सिडनी पद्धतीत याचे नियम घालून दिले आहेत. रक्तातील पेप्सिनोजेन आणि गॅस्ट्रिन एकत्र मोजले तर दुर्बिणीशिवायही अंदाज येतो. पेप्सिनोजेन-१ खूप कमी आणि गॅस्ट्रिन खूप जास्त असेल तर मध्यभाग झडला आहे आणि अँट्रम शाबूत आहे, असे समजतात.

जंतू काढण्यासाठी पंप बंद करणारे औषध आणि दोन किंवा अधिक प्रतिजैविके, गरजेनुसार बिस्मथसह, साधारण १४ दिवस देतात. भारतात मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू पुष्कळ असल्याने औषधांची निवड आणि पूर्ण मुदत महत्त्वाची ठरते. जंतू गेल्यावर श्वेतपेशी ओसरतात, डी पेशी पुन्हा सोमॅटोस्टॅटिन बनवू लागतात आणि अँट्रमच्या सुजेतील वाढलेले गॅस्ट्रिन काही आठवड्यांतच खाली येते. वाढलेल्या भित्तीय पेशी मात्र हळूहळू कमी होतात, म्हणून आम्ल पूर्ववत व्हायला वर्षभरही लागू शकते. मध्यभागात पेशी नुसत्या दबलेल्या असतील तर आम्ल परत वाढते आणि गॅस्ट्रिन उतरते. ग्रंथी झडून गेल्या असतील तर सुधारणा अपुरी राहते. स्वयंप्रतिकारक जठरदाहात झडलेल्या ग्रंथी परत आणणारा उपचार नाही. तेथे ब १२ आणि लोह भरून काढणे आणि अस्तरावर ठरावीक काळाने दुर्बिणीतून लक्ष ठेवणे, हाच मार्ग आहे.